घरच्या संगणकात डिस्क कशा लावाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा संगणक जुळवायचा म्हटला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल चालतो. डिस्कचा विषय मात्र ‘टाका एक टीबी’ एवढ्यावर मिटतो. मग दोनेक वर्षांनी सी ड्राइव्हवर लाल पट्टी दिसू लागते, नाहीतर एखाद्या दिवशी फोटोंचा फोल्डर उघडतच नाही, आणि तेव्हा फोन येतात. खालचे बहुतेक प्रश्न अशाच फोनांवरचे आहेत. काही उत्तरांवर माझे मित्रही माझ्याशी वाद घालतात, तेव्हा तुम्हीही खुशाल घाला.

सुरुवात कुठून करायची? आधी डिस्क घ्यायची की आधी आराखडा?

आधी हिशेब. आपल्याकडच्या फाइलींचे तीन ढीग करा. पहिला, गेला तर पुन्हा मिळणारा: विंडोज, प्रोग्राम, गेम. दुसरा, कधीच पुन्हा न मिळणारा: फोटो, घरातल्यांचे व्हिडिओ, स्वतः लिहिलेले काही, हिशेबाच्या फाइली. तिसरा अधलामधला: मोठमोठ्या फाइली, ज्या पुन्हा मिळतील, पण मिळवताना जीव मेटाकुटीला येईल. प्रत्येक ढिगाचा आकार बघून कागदावर लिहा. बहुतेकांना आश्चर्य वाटते ते दुसऱ्या ढिगाचे. सगळ्यात मोलाचा तोच, आणि पुष्कळदा आकाराने सगळ्यात लहानही तोच. पहिल्या ढिगाला वेग लागतो, तिसऱ्याला जागा लागते आणि दुसऱ्याला एकाहून जास्त प्रती लागतात. पुढची सगळी निवड यावरूनच ठरते.

एसएसडी की हार्ड डिस्क?

ज्यावरून संगणक सुरू होतो ती एसएसडीच (तबकड्यांऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) हवी. यावर आता वाद उरलेला नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावरून आतबाहेर सरकते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे हवा असलेला भाग टोकाखाली येण्याची वाट सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडी जास्त पाहावी लागते. टोक योग्य जागी सरकायला लागणारे आणखी ८-१० मिलिसेकंद त्यात धरा. इकडची एक, तिकडची एक अशा विखुरलेल्या फाइली वाचायच्या झाल्या तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास मागण्या पुरवते. एसएसडीत फिरणारे काही नसते, त्यामुळे ती हजारोंनी मागण्या पुरवते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात. जुन्या संगणकात फक्त डिस्क बदलली तरी तो नवा वाटतो तो यामुळेच.

हार्ड डिस्क मात्र निकालात निघालेली नाही. सलग मोठी फाइल वाचताना ती सेकंदाला १५० ते २५० एमबी देते. चित्रपट पाहायला, जुने फोटो साठवायला, बॅकअप घ्यायला हा वेग भरपूर झाला, आणि तेवढ्याच पैशात जागा कितीतरी जास्त मिळते. तिला कोठार म्हणून ठेवा, स्वयंपाकघर तिच्यात मांडू नका.

एनव्हीएमई घेऊ की साटा एसएसडी चालेल?

साटा ही डिस्क जोडण्याची जुनी पद्धत, एनव्हीएमई ही नवी, मदरबोर्डाच्या वेगवान पीसीआयई मार्गावरून चालणारी. साटाची मर्यादा प्रत्यक्षात ५५० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास आहे. एनव्हीएमई डिस्क पीसीआयई ३.० वर साधारण ३५०० आणि ४.० वर ७००० एमबीपर्यंत जाते. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, तसा साटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात जाणवत नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांची आणि सतत मोठ्या फाइली हलवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मदरबोर्डावर एम.२ स्लॉट (डिस्क थेट बसवायची खाच) असेल तर एनव्हीएमई घ्या, कारण केबलची कटकट नसते. स्लॉट नसलेल्या जुन्या संगणकात साटा लावा आणि हळहळू नका.

एम.२ आणि एनव्हीएमई एकच ना?

नाही, आणि यात बरेचजण फसतात. एम.२ हा नुसता आकार आणि खाच. त्या आकारात साटावर चालणारी डिस्कही मिळते आणि एनव्हीएमईसुद्धा. फक्त एनव्हीएमईसाठी असलेल्या स्लॉटमध्ये साटावाली एम.२ बसवली तर ती दिसणारच नाही. पाटीवरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. दुसरी गोम अशी की अनेक बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट वापरला की एकदोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात. नवी डिस्क बसवल्यावर जुनी अचानक गायब झाली तर आधी बोर्डाचे माहितीपुस्तक उघडा. डिस्क जिवंत असते, पोर्ट झोपलेले असते.

टीएलसी, क्यूएलसी ही काय भानगड?

एसएसडीच्या चिपमधल्या एका कप्प्यात किती बिट कोंबले ते. टीएलसीत ३, क्यूएलसीत ४. बिट जितके जास्त तितकी डिस्क स्वस्त, पण लिहिण्याचा वेग आणि आयुष्य कमी. क्यूएलसी डिस्क सुरुवातीला सुसाट लिहिते, कारण ती काही जागा तात्पुरती एकबिटी पद्धतीने वापरते. ती जागा भरली की वेग कोसळतो, आणि काही डिस्कांमध्ये तो साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. म्हणून विंडोजसाठी टीएलसी. गेमसारख्या एकदा लिहून पुन्हा पुन्हा वाचायच्या गोष्टींना क्यूएलसी चालून जाते.

एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे?

झिजते, पण तुमच्या हातून झिजणे अवघड. १ टीबीच्या अनेक टीएलसी डिस्कांवर ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात ते पुष्कळच झाले, तरी तिथवर पोचायला बत्तीसएक वर्षे लागतील. झीज वाचवायला पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) बंद करा, टेम्प फोल्डर हार्ड डिस्कवर हलवा वगैरे सल्ले अजून फिरत असतात. ते विसरा. एवढेच पाळा की डिस्क गच्च भरू नका, १०-१५ टक्के जागा मोकळी ठेवा.

धास्ती बाळगायची ती वेगळ्या गोष्टीची. हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा कुरकुरते, रेंगाळते, टकटक आवाज करते. एसएसडी काल चालू होती आणि आज दिसत नाही, असेही होते. शिवाय एसएसडीवरून फाइल पुसली की ट्रिम नावाची आज्ञा त्या जागा मोकळ्या करून टाकते, त्यामुळे हार्ड डिस्कवर निदान आशा असते तशी चुकून पुसलेली फाइल परत मिळवण्याची आशा इथे फारशी उरत नाही.

एकच मोठी डिस्क घ्यावी की दोन?

माझे साधे उत्तर: आत एक, बाहेर एक. लॅपटॉप असो वा साधा घरगुती संगणक, १ टीबीची एक एसएसडी आत आणि निदान तेवढीच एक हार्ड डिस्क बाहेर, बॅकअपसाठी. यात बहुतेक घरांचे भागते.

तिसरा ढीग मोठा असेल तर आत दुसरी डिस्क घाला. गेमच्या शौकिनांनी ती एसएसडी घ्यावी, फोटो-व्हिडिओचा साठा करणाऱ्यांनी हार्ड डिस्क. पण बाहेरच्या डिस्कचे पैसे आतल्या दुसऱ्या डिस्ककडे वळवू नका. ‘दोन डिस्क आहेत’ या समाधानात पुष्कळजण राहतात, आणि प्रत्यक्षात प्रत्येक फाइल एकाच डिस्कवर असते.

सी, डी, ई अशी पार्टिशन करायची ना? आमच्याकडे नेहमी तसेच करतात.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त भांडलो आहे.

पार्टिशन म्हणजे एकाच डब्यातले कप्पे. डबा हातातून पडला की सगळ्याच कप्प्यांतले सांडते. ‘माझा डेटा डीमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता नुसता विचारतो, डी कुठल्या डिस्कवर आहे? उत्तर बहुधा शांतता असते.

प्रथा पडली त्याला कारण होते. एकेकाळी विंडोज वरचेवर बिघडायचे, आणि सी फॉरमॅट करून पुन्हा घालणे हाच इलाज असायचा. डेटा डीमध्ये असला की तो वाचायचा. आता विंडोजमध्ये ‘फाइली ठेवून रीसेट’ करण्याची सोय आहे आणि ती बरीचशी नीट चालते. उलट पार्टिशनचा तोटा रोज भोगावा लागतो. सीला १०० जीबी पुरतील असे वाटते. विंडोज ११ची किमान अट ६४ जीबीची आहे, त्यामुळे तो अंदाज वावगाही वाटत नाही. मग अपडेट येतात, हायबरनेशनची फाइल जागा अडवते, प्रत्येक प्रोग्राम गपचूप ॲपडेटा फोल्डरमध्ये काहीबाही साठवतो, आणि सी तुडुंब भरते. शेजारी डीमध्ये ६०० जीबी मोकळे! सी वाढवायला जावे तर विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट सीला लागून उजवीकडे रिकामी पडलेली जागाच फक्त जोडू देते. तिथे असते डी, नाहीतर रिकव्हरी पार्टिशन. मग एखादे बाहेरचे सॉफ्टवेअर आणून जीव मुठीत धरून पार्टिशन सरकवायचे.

एसएसडीवर पार्टिशनने वेगाचाही फायदा नाही. हार्ड डिस्कवर थोडा होता, कारण तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त डेटा मावतो. बाहेरच्या कडेचा वेग आतल्या कडेच्या जवळपास दुप्पट असतो आणि पहिले पार्टिशन बाहेरून सुरू होते.

म्हणून एक डिस्क, एक पार्टिशन, आणि आत नीट नावे दिलेले फोल्डर. विंडोज स्वतःसाठी दोनतीन छोटी पार्टिशन करते, ती तशीच राहू द्या. ‘हे १०० एमबीचे काय पडले आहे’ म्हणून ते उडवणाऱ्या एका उत्साही भाच्याचा संगणक मी सुरू करून दिला आहे. ते बूटचे, म्हणजे संगणक सुरू करून देणारे, पार्टिशन होते.

जाता जाता: पहिले अक्षर सीच का? ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली होती. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली ती सी म्हणून. फ्लॉपी गेल्या, अक्षरे त्यांची वाट पाहत थांबली आहेत.

दुसरी डिस्क आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिच्यावर कसे हलवायचे?

फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, तिथे नवा पत्ता द्या. विंडोज फाइली हलवू का विचारते, हो म्हणा. मात्र डिस्कच्या मुळावर नको, आधी तिथे एक फोल्डर तयार करा आणि त्याचा पत्ता द्या. नाहीतर आख्खी ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ होऊन बसते आणि परत फिरणे किचकट होते. वनड्राइव्ह चालू असेल तर आधी ते हे फोल्डर स्वतःकडे घेत नाही ना ते पाहा. आख्खा यूजर फोल्डर रजिस्ट्रीतून हलवण्याच्या युक्त्या दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

१ टीबी घेतली, संगणक ९३१ जीबी दाखवतो. फसवले?

नाही. बनवणारे टीबी म्हणजे १० चा बारावा घात धरतात, विंडोज मात्र १०२४च्या पटीत मोजते आणि तरी त्याला जीबीच म्हणते. बाइट तेवढेच आहेत.

एमबीआर की जीपीटी?

जीपीटी. डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या या दोन पद्धती, एमबीआर जुनी आणि जीपीटी नवी. एमबीआरमध्ये सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटांच्या सेक्टरने गुणले की मर्यादा २.२ टीबीला संपते. ४ टीबीची डिस्क घेऊन अर्धी जागा दिसतच नाही, याचे नेहमीचे कारण हेच. विंडोज ११ला यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) लागते, म्हणजे बूटच्या डिस्कवर जीपीटीच येणार.

विंडोज घालताना बाकीच्या डिस्क काढायच्या का?

हो, आळस करू नका. डेस्कटॉपमध्ये केबल काढणे दोन मिनिटांचे काम आहे.

असे होते की संगणकात आधीपासून दुसरी डिस्क असते आणि तिच्यावर जुने बूट पार्टिशन पडलेले असते. इन्स्टॉलर विंडोज नव्या एसएसडीवर घालतो, पण बूटच्या फाइली त्या जुन्या पार्टिशनमध्ये टाकून मोकळा होतो. कोणाच्या लक्षात येत नाही. वर्षभराने जुनी डिस्क मरते किंवा तुम्ही ती काढून कोणाला देता, आणि धडधाकट एसएसडी असलेला संगणक सुरूच होत नाही. माझा स्वतःचा संगणक असा बंद पडला होता. आख्खी संध्याकाळ मी नव्या डिस्कला दोष देत बसलो. दोष माझा होता, दोन वर्षांपूर्वी केबल न काढण्याचा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही!

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या, किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करा. पण आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर ते बंद करू नका. ते विंडोज उठायचे नाही.

रेड लावू का? दोन डिस्क आहेतच.

आधी रेड कशासाठी जन्मले ते पाहू. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली ही कल्पना. मोठ्या संगणकांच्या एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, आणि त्यांतली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचे नाही. ‘काम थांबू नये’ हे नीट लक्षात घ्या. ‘फाइल हरवू नये’ ही वेगळी गरज आहे.

रेड ० मध्ये डेटा दोन डिस्कांवर वाटून लिहितात. वेग वाढतो, पण दोहोंतली कुठलीही एक गेली की सगळे गेले. समजा वर्षभरात एक डिस्क जाण्याची शक्यता ३ टक्के आहे, तर रेड ० मध्ये ती जवळपास ६ टक्के होते. हार्ड डिस्कच्या काळात यात थोडी मजा होती. आता एक एनव्हीएमई त्याहून वेगवान आहे, तेव्हा घरात रेड ० लावायला मला एकही कारण दिसत नाही.

रेड १ म्हणजे आरसा. दोन्ही डिस्कांवर तेच. एक मेली तर दुसरीवर काम चालू राहते. हे चांगलेच आहे, पण आरसा चुकाही इमानाने दाखवतो. तुम्ही फोल्डर पुसलात, तो दोन्हीकडून त्याच क्षणी गेला. खंडणीवाला व्हायरस आला, दोन्हीकडच्या फाइलींना कुलूप लागले. पॉवर सप्लाय भडकला, एकाच वायरवरच्या दोन्ही डिस्क गेल्या. संगणक चोरीला गेला, दोन्ही एकत्रच गेल्या. रेड १ फक्त एका संकटासाठी आहे: एक डिस्क आपल्या मरणाने मरणे.

रेड ५ला निदान ३ डिस्क लागतात आणि एकीची जागा खर्ची पडते. ४ टीबीच्या तीन लावल्या तर ८ टीबी वापरायला मिळते. एक गेली की नवी लावून पुन्हा भरणी करावी लागते. मोठ्या डिस्कांना त्यात एखादा दिवस सहज जातो, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कांवर सलग वाचनाचा ताण असतो. त्याही बहुधा त्याच वयाच्या असतात. घरात सर्व्हरच्या खटपटीची हौस असेल तर जरूर करा. पण मग झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमांचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींचा) आरसा बघा. त्यांत प्रत्येक तुकड्याची चेकसम (तुकडा बदलला का ते पडताळायचा आकडा) असते, त्यामुळे मुकाट्याने बिघडलेला तुकडा ओळखू येतो आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही होतो. बीटीआरएफएसवर रेड ५ मात्र टाळा, त्याचे स्वतःचे माहितीपुस्तकच सावध करते.

मदरबोर्डातल्या बायोसच्या रेडला मी हात लावत नाही. बोर्ड गेला की त्याच जातीचा दुसरा शोधत फिरायचे. नुसता बायोस रीसेट झाला तरी बायोसमधली रेडची निवड पुसली जाते आणि डिस्क अनोळखी दिसू लागतात. विंडोजवर आरसा हवाच असेल तर विंडोज ८पासून असलेले स्टोरेज स्पेसेस बरे. त्या डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडल्या तरी ओळखल्या जातात.

थोडक्यात, दोनच डिस्क असतील तर दुसरीचा आरसा करू नका, बॅकअप करा.

मग बॅकअप म्हणजे नेमके काय?

अशी प्रत, जी मूळ फाइल बिघडवल्यावर बिघडत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम जुना असला तरी अजून ठीक आहे. घरात तो असा बसवता येतो: एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि दुसऱ्या ढिगापुरती तिसरी क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवर. दुसरा ढीग लहान असतो म्हणूनच हे जमते.

बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवा. जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचतोच. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी, मॅकवर टाइम मशीन, लिनक्सवर आरसिंक, जे हाताशी आहे ते वापरा. नुसते कॉपी-पेस्टही चालेल, पण महिन्याच्या नावाचा नवा फोल्डर करून. जुन्यावरच लिहीत गेलात तर बिघडलेली फाइल चांगलीच्या डोक्यावर बसते.

आणि कधीतरी परत आणून पाहा. एकाने तीन वर्षे नेमाने बॅकअप घेतला होता, शॉर्टकटचा. डेस्कटॉपवरचे बाणवाले आयकॉन तो दर रविवारी उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकायचा. हसू नका, त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

बॅकअपसाठी एसएसडी घेतली तर?

रोज हाताळणार असाल तर हरकत नाही, पडली तरी सहसा टिकते. पण लिहून कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची असेल तर हार्ड डिस्क बरी. एसएसडी डेटा विद्युतभाराच्या रूपात धरते आणि तो हळूहळू झिरपतो. लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना १ वर्ष डेटा धरावा, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. नवी डिस्क त्याहून पुष्कळ जास्त टिकते, तरी विसरून जाण्यासाठी ती नाही.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर-एसएमआर बघायचे म्हणतात, ते काय?

सीएमआरमध्ये तबकडीवरचे माग (डेटाचे गोल पट्टे) शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, छपरावरच्या कौलांसारखे. जागा जास्त मावते, पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची बरीच उचकटून पुन्हा बसवावी लागतात. त्यामुळे सतत बदलणाऱ्या फाइलींना आणि रेडला या डिस्क त्रास देतात. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला चालतात. २०२० साली रेडसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क गुपचूप एसएमआर निघाल्या आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपन्या माहितीपत्रकात हे लिहू लागल्या आहेत. घेण्याआधी ते पान शोधा.

जुनी हार्ड डिस्क पडून आहे, लावू का?

आधी तिची नाडी बघा. डिस्कची तब्येत सांगणारे क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल चालवा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींत शून्य असेल तर ठीक. १९७ म्हणजे वाचताना अडकलेले सेक्टर, ५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले. हे आकडे आठवड्याला वाढताना दिसले तर डेटा काढून घ्या, उद्यावर ढकलू नका. १९९ मात्र बहुधा केबलचा असतो. केबल बदला. जुना आकडा खाली येत नाही, नवा वाढला नाही की झाले. एक चांगली डिस्क मी या आकड्याला घाबरून भंगारात काढणार होतो.

आकडे स्वच्छ असले तरी जुन्या डिस्कवर कशाचीही एकुलती एक प्रत ठेवू नका. डेस्कटॉपमध्ये ती लावताना मोलेक्समधून (जुन्या पद्धतीच्या वीजजोडणीतून) साटाची वीज काढणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर टाळा. आतल्या तारा एकमेकींना टेकून पेटल्याची उदाहरणे आहेत.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवेत.

दोन वेगळ्या डिस्क, प्रत्येकीवर आपापले बूट पार्टिशन, निवड बायोसच्या बूट मेनूतून. एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असले की विंडोज अर्धवट झोपते, आणि लिनक्सला विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर लिहिता येत नाही. दोघांत फिरणाऱ्या पेनड्राइव्हला एक्सफॅट फॉरमॅट चालते, कारण फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कायमच्या डिस्कला एक्सफॅट नको. त्यात जर्नल (बदल करण्याआधी करून ठेवायची नोंद) नाही, आणि मध्येच वीज गेली की नोंदी विस्कटतात.

नवी डिस्क लावली, ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही.

डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइज करा, जीपीटी निवडा, नवे व्हॉल्यूम करून अक्षर द्या. हे फक्त कोऱ्या डिस्कसाठी. डेटा असलेली जुनी डिस्क जोडल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करायला हवी’ म्हणाले तर हात मागे घ्या. आधी दुसरी केबल, दुसरे पोर्ट, दुसरा संगणक लावून बघा.

लॅपटॉपची डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर भलीमोठी की मागते.

विंडोजने तिला बिटलॉकरचे कुलूप घातलेले आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते न विचारता लागते. ४८ अंकी की त्या खात्यात सापडते. आज, लॅपटॉप ठणठणीत असताना, ती कागदावर उतरवून ठेवा. की नाही तर डेटा नाही, दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही.

जुनी डिस्क देऊन टाकायची आहे. फॉरमॅट पुरेसे?

क्विक फॉरमॅट नाही, ते फक्त अनुक्रमणिका फाडते. हार्ड डिस्कला क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या. विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. काही टीबींना तासन्‌तास लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडीला बनवणाऱ्याच्या साधनातून किंवा बायोसमधून सिक्युअर इरेज द्या, ते बहुधा मिनिटांत होते. आणि पुसायचे बटण दाबण्याआधी डिस्कचे नाव आणि आकार मोठ्याने वाचा. दोन एकसारख्या डिस्क जोडलेल्या असतील तर चांगली आधी केबलसकट बाहेर काढून ठेवा.